मिडफिल्डर म्हणून करिअर करायचीय? आधी घाई सोडा

फुटबॉल ट्रायलचा सीझन आला की तेच प्रश्न येतात. पोरगा मिडफिल्डर आहे, म्हणजे ग्राउंडच्या मध्ये खेळणारा, टेक्निक भारी आहे पण अंगाने बारीक आहे, कुठल्या अकॅडमीत टाकू, एजंट लागतो का, दहावीचं काय करायचं. प्रत्येकाला वेगळं सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पोरींनाही हेच लागू आहे, फक्त त्यांना क्लब कमी आहेत आणि पैसे त्याहून कमी, ते वेगळं रडगाणं आहे.

सगळ्यात आधी डोक्यात हे फिट करून घ्या की मिडफिल्डर उशिरा पिकतो. फॉरवर्डचं तसं नसतं, १७-१८ व्या वर्षी चार मॅचमध्ये पाच गोल मारले की पेपरात फोटो, पेठेत बॅनर, दुसऱ्या तालमीकडून (कोल्हापुरात फुटबॉल क्लबला तालीम म्हणतात) बोलावणं. मिडफिल्डरने त्याच चार मॅचमध्ये एकही पास चुकवला नाही तरी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पब्लिकमध्ये एकाच्याही लक्षात येत नाही. कोचच्या येतं, ते पण कोच बघणारा असेल तर. त्यामुळे खाली जे जे सांगतोय ते सगळं या हिशोबाने आहे, की आज घेतलेला निर्णय सात-आठ वर्षांनी उपयोगी पडला पाहिजे.

उदाहरण लुका मॉड्रिचचंच घेतो कारण त्याची करिअर म्हणजे या सगळ्याचा चालता बोलता नमुना आहे. १९८५ चा जन्म, क्रोएशियातलं झादर, युद्धात घर सुटलं आणि हॉटेलात निर्वासित म्हणून राहायला लागलं, तिथल्या पार्किंगमध्ये बॉल मारत मोठा झाला. हायदुक स्प्लिट हा त्या बाजूचा मोठा क्लब, त्यांनी बारीक आहे म्हणून घेतला नाही. पुढे डिनामो झाग्रेबने घेतला पण १८ व्या वर्षी लोनवर, म्हणजे थोड्या काळासाठी उधार, बोस्नियात पाठवून दिला, झ्रिन्यस्की मोस्तारकडे, जिथे ग्राउंड खराब आणि टॅकल थेट पायावर. तिथे तो सीझनचा बेस्ट प्लेयर ठरला. मग अजून एक लोन. २००८ ला टॉटनहॅम, २०१२ ला रियल माद्रिद, आणि माद्रिदमध्ये पहिल्या काही महिन्यांतच 'मार्का' पेपरच्या वाचकांनी मतदान करून त्याला सीझनची सगळ्यात फालतू खरेदी ठरवलं. बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या बेस्ट प्लेयरचा अवॉर्ड, मिळाला २०१८ ला, वय ३३. माद्रिद सोडलं २०२५ ला, वय ३९, २८ ट्रॉफ्या जिंकून, आणि तिथून रिटायर व्हायचं सोडून मिलानला खेळायला गेला. आता सांगा, १४ व्या वर्षी ट्रायलमध्ये नाव नाही आलं म्हणून बूट विकायला काढणाऱ्या पोराला काय म्हणायचं.

डोळ्यांचं काम

लोक पायाची प्रॅक्टिस करतात. मिडफिल्डरची मान फिरली पाहिजे. बॉल आपल्याकडे येत असताना, येण्याच्या आधी, डावीकडे मागे, उजवीकडे मागे, पटकन बघून घेणे, याला स्कॅनिंग म्हणतात. नॉर्वेचे गाइर योर्देत म्हणून प्रोफेसर आहेत, त्यांनी प्रीमियर लीगच्या प्लेयरांचे व्हिडिओ काढून हेच मोजलं. लॅम्पार्ड आणि जेरार्ड हे इंग्लंडचे मिडफिल्डर बॉल येण्याआधीच्या दहा सेकंदांत साधारण सहा वेळा इकडेतिकडे बघायचे, आणि जे जास्त बघतात त्यांचे पुढे दिलेले पास जास्त पोचतात असं निघालं. बार्सिलोनाचा झावी तर याहून जास्त बघायचा. झावीला स्पीड नव्हता, उंची नव्हती, मारामारी जमत नव्हती, तरी त्याच्याकडून बॉल काढून घेणं कुणाला जमलं नाही, कारण बॉल यायच्या आधीच त्याला माहीत असायचं माणूस कुठून येतोय.

हे घरी शिकता येतं. भिंतीसमोर उभं राहून पास मारायचा, मागे मित्राला उभं करायचं, बॉल परत येईपर्यंत त्याने हाताची बोटं दाखवायची, तुम्ही मान वळवून किती बोटं ते ओरडून सांगायचं आणि मगच बॉल घ्यायचा. सुरुवातीला बॉल पायाखालून जाणार, जाऊ द्या. जमायला लागलं की बोटांऐवजी मित्राने डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं आणि तुम्ही पहिल्याच टचला त्याच्या उलट बाजूला वळायचं. ही प्रॅक्टिस बोर आहे हे कबूल, रीलमध्ये टाकण्यासारखं यात काहीच नाही. पण कोच लोक ट्रायलला नेमकं हेच बघतात, तुमचं नटमेग, म्हणजे समोरच्याच्या पायांमधून बॉल काढणं, नाही.

अजून एक. मॅच बघताना टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे पळतो त्यामुळे मिडफिल्डर काय करतोय ते दिसतच नाही. स्टेडियमला जा, कूपरेजला, शाहूला, फातोर्ड्याला, जे जवळ असेल तिथे, वर बसा आणि अर्धा तास फक्त एका मिडफिल्डरकडे बघा, बॉल कुठेही असू दे. तो बॉल नसताना कधी चालतो, कधी धावतो, मार्किंग करणाऱ्याच्या पाठीमागे कसा लपतो आणि बरोबर वेळेला कसा बाहेर येतो, ते एकदा दिसायला लागलं की टीव्हीवरची मॅच पण वेगळी दिसते.

पाय

इथे थोडक्यात. दोन्ही पाय चालले पाहिजेत, किमान दुसऱ्या पायाने साधा पास बिनचूक गेला पाहिजे. बॉल घेताना अंग अर्धं वळलेलं हवं, म्हणजे लांबच्या पायावर बॉल घेतला की पुढचं ग्राउंड उघडं दिसतं, जवळच्या पायावर घेतला तर पाठ गोलकडे आणि मागून धक्का. पासचा जोर ही वेगळीच विद्या आहे, हळू पास म्हणजे मित्राला दिलेला त्रास. आपल्याकडची ग्राउंडं उन्हाळ्यात कडक आणि पावसात चिखल, त्यामुळे पहिला टच सुधारल्याशिवाय गत्यंतर नाही आणि यातून आलेल्या पोराला टर्फवर गेल्यावर बॉल एकदम सरळ येतोय याचंच नवल वाटतं. मुंबईतलं रिंक फुटबॉल (छोट्या ग्राउंडवरचं) टचसाठी मस्त, कमी जागेत पटकन विचार करायला लावतं. पण बक्षिसाच्या रकमेसाठी आठवड्याला तीन-तीन रिंक टूर्नामेंट खेळून गुडघा घालवलेली पोरं प्रत्येक गल्लीत भेटतात.

सिक्स, एट की टेन

१२-१३ व्या वर्षी पोरगा सांगतो मी टेन आहे, मेस्सीसारखा. अरे बाबा थांब. सिक्स म्हणजे डिफेन्सच्या पुढे बसणारा, एट म्हणजे दोन्ही बॉक्समध्ये पळणारा, टेन म्हणजे स्ट्रायकरच्या मागचा, हे तिन्ही खेळून बघ, बॅक म्हणून पण खेळ. कारण पुढे कोच तुझी जागा बदलणार आहे हे जवळपास नक्की.

इटलीचा आंद्रेआ पिर्लो टेनच होता. इंटरमध्ये जागा मिळेना, २००१ ला ब्रेशियाला लोनवर गेला तर तिथे टेनच्या जागेवर रोबेर्तो बाजो बसलेला, आता बाजोला कोण बाहेर काढणार. कोच मात्सोने यांनी पिर्लोला मागे, डिफेन्सच्या पुढे खेळवलं. नंतर मिलानमध्ये आन्चेलोत्तींनी तेच पक्कं केलं आणि तिथून तो २००६ चा वर्ल्ड कप जिंकला. जर्मनीचा श्वाइनश्टायगर विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, होता, बायर्नमध्ये २००९ ला लुई फान हाल आले आणि त्यांनी त्याला मध्ये आणला, २०१४ च्या फायनलला जर्मनीच्या मिडफिल्डमध्ये रक्तबंबाळ चेहऱ्याने शेवटपर्यंत उभा होता तो हाच. म्हणजे जागा बदलली की अपमान झाला असं समजून घरी जेवण न करणाऱ्या पोरांनी (आणि कोचला फोन करणाऱ्या बापांनी) हे वाचून ठेवा.

आपल्या इथे सिक्सची कायम टंचाई असते कारण ते काम कुणालाच नको असतं. जीक्सन सिंग बघा, मणिपूरचा, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये दिल्लीत कोलंबियाविरुद्ध भारताचा फिफा वर्ल्ड कपमधला पहिला गोल त्याने हेडरने मारला, लोकांना तेवढं आठवतं. पण नंतर तो सिनियर टीममध्ये टिकला तो डिफेन्सच्या पुढे उभं राहून बॉल काढून घेण्यासाठी.

कुठे खेळायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

शाळेत असाल तर शाळेच्या टीममधून सुब्रोतो कप, म्हणजे शाळांची देशपातळीवरची स्पर्धा, सोडू नका. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या स्पर्धेतून विभाग, राज्य आणि मग पुढची फायनल राउंड, आणि तिथे बघायला माणसं येतात. सरकारी क्रीडा प्रबोधिनी हा गरीब घरच्या पोरासाठी खरंच चांगला रस्ता आहे, राहणं, खाणं, शाळा, कोचिंग. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतूनच २०१७ च्या वर्ल्ड कप टीमपर्यंत गेला (तो फॉरवर्ड आहे, पण रस्ता तोच). नवी मुंबईत रिलायन्सची यंग चॅम्प्स अकॅडमी आहे, सिलेक्शन झालं तर स्कॉलरशिप, पण लहान वयातच घेतात. गोव्यात क्लबांच्या ज्युनियर टीम आहेत आणि गावागावात ग्राउंड आहे, तिथल्या पोरांना हा फायदा जन्मतःच असतो, आपण फक्त जळायचं.

१८ नंतरचा नियम एकच: जिथे मॅच खेळायला मिळतील तिथे जा. मोठ्या क्लबचा ट्रॅकसूट घालून बेंचवर दोन वर्षं बसलेला मिडफिल्डर आणि सेकंड डिव्हिजनला दर आठवड्याला ९० मिनिटं खेळलेला मिडफिल्डर यात २१ व्या वर्षी जमीन अस्मानाचा फरक पडतो. फॉरवर्ड एकवेळ शेवटची दहा मिनिटं येऊन गोल मारून नजरेत भरेल, पण मिडफिल्डचा अंदाज, कधी स्लो करायचं, कधी फाउल घ्यायचा, रेफ्रीशी किती बोलायचं, हे फक्त मॅचमध्येच येतं. फ्रान्सचा मिडफिल्डर कांते २१-२२ वर्षांचा असताना फ्रान्सच्या तिसऱ्या डिव्हिजनला बुलोनकडून खेळत होता. मग काँ नावाचा फ्रान्समधलाच क्लब, मग २०१५ ला लेस्टर, २०१६ ला प्रीमियर लीग, २०१७ ला चेल्सीकडून परत प्रीमियर लीग, २०१८ ला वर्ल्ड कप. तिसऱ्या डिव्हिजनला तो बसून नव्हता, खेळत होता, एवढाच मुद्दा.

आपल्याकडे अपुइया बघा, मिझोरामचा. भारताच्या फुटबॉल फेडरेशनची इंडियन ॲरोज नावाची पोरांची टीम होती, ती हरायची भरपूर पण पोरांना सिनियर लोकांसमोर मॅच मिळायच्या. तिथून नॉर्थईस्ट युनायटेड, मग २०२१ ला मुंबई सिटी, मग मोहन बागान. ॲरोज २०२२ ला बंद केली, का केली ते फेडरेशनलाच माहीत, मला तरी पटलं नाही.

आणि परदेशाचं. "युरोपात ट्रायल देतो, अमुक लाख भरा" असं कुणी म्हणालं की दार लावून घ्या. फिफाच्या नियमाने १८ च्या आत दुसऱ्या देशात रजिस्ट्रेशन जवळपास होतच नाही, थोडे अपवाद आहेत, म्हणजे आईबाप फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने तिकडे राहायला गेले वगैरे. अकॅडमीत शिकायला जाणं वेगळं, गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस केप टाउनच्या अकॅडमीत होता, इंग्लंडमध्ये ट्रायल दिल्या, आणि शेवटी नाव झालं ते गोव्यात परत येऊनच. खरा क्लब ट्रायलला बोलावतो तेव्हा पैसे मागत नाही.

व्हिडिओ पाठवताना मिडफिल्डरने हायलाइटचं गाणं लावलेलं पॅकेज पाठवू नये. तीन-चार मिनिटांची क्लिप ठीक आहे, पण सोबत एक पूर्ण मॅच न कापता पाठवा आणि कितव्या मिनिटाला काय ते लिहा. कोचला तुमचा चुकलेला पास पण बघायचा असतो, म्हणजे चुकल्यावर मागे धावता की हात वर करून उभे राहता ते.

कागदपत्रं

वय खोटं लावू नका. काही पालक जन्मदाखला दोन वर्षांनी कमी करून आणतात आणि वर हुशारी सांगतात. ज्युनियर लेव्हलला हाडांच्या वयाची टेस्ट होते, पकडलं तर बंदी. आणि नाही पकडलं तरी तोटा मिडफिल्डरचाच, कारण लहान पोरांमध्ये अंगाच्या जोरावर निभावून जातं आणि डोकं वापरायची वेळच येत नाही, मग सिनियरला गेल्यावर उघडं पडतं.

फेडरेशनच्या सिस्टिममध्ये रजिस्ट्रेशन प्रत्येक सीझनला नीट झालंय का बघा. नुसतं तुमच्यासाठी नाही. पुढे कधी पैसे देऊन परदेशी ट्रान्सफर झाली तर त्या रकमेतले ५ टक्के, १२ ते २३ वर्षांच्या वयात ज्या ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटले जातात. कागदावर नाव नसेल तर तुमच्या गावच्या क्लबला दमडी मिळणार नाही, ज्याच्या कोचने स्वतःच्या खिशातून बॉल आणले त्याला पण नाही.

कॉन्ट्रॅक्ट १८ च्या आत जास्तीत जास्त तीन वर्षांचं, एरवी पाच. शेवटच्या सहा महिन्यांत तुम्ही दुसऱ्या क्लबशी बोलून सही करू शकता. एजंटकडे फिफाचं लायसन्स आहे का विचारा, परीक्षा द्यावी लागते त्याला, आणि १८ च्या आतल्या पोराशी बोलायला आईबापाची लेखी परवानगी लागते. जे काही ठरलं ते कागदावर, तारखेसकट, कॉपी आपल्याकडे. यातही मॉड्रिचच उदाहरण. डिनामोचा कारभार बघणाऱ्या झद्राव्को मामिचने प्लेयरांच्या ट्रान्सफरच्या पैशांत हात मारला म्हणून २०१८ ला त्याला शिक्षा झाली, त्या केसमध्ये मॉड्रिचची टॉटनहॅमची ट्रान्सफर पण होती. कोर्टात घोळ झाला तो एका जोड-करारावरची सही नेमकी कधी केली यावरून, आणि मॉड्रिचवरच खोटी साक्ष दिल्याचा आरोप लागला, पुढे तो रद्द झाला. जगातल्या टॉपच्या मिडफिल्डरला एका तारखेने एवढा ताप दिला.

पगाराचं पण गृहीत धरू नका. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा, म्हणजे भारताच्या टॉपच्या लीगचा, पुढचा सीझन होल्डवर गेला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने मेन टीमचे पगारच थांबवले, तिथे छेत्रीसारखा माणूस खेळतो. म्हणून दहावी-बारावी-ग्रॅज्युएशन सोडू नका, महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी कुठल्या लेव्हलचं सर्टिफिकेट चालतं ते आधीच बघून ठेवा आणि ते सर्टिफिकेट जपून ठेवा, कारण दहा वर्षांनी असोसिएशनच्या ऑफिसात जुनी फाइल शोधायला लावणं हा वेगळाच खेळ आहे.

अंग

मिडफिल्डर मॅचला साधारण १० ते १२ किलोमीटर धावतो, पण एका चालीत नाही. चालणं, जॉग, एकदम १५ मीटर स्प्रिंट, वळणं, परत थांबणं. म्हणून पहाटे रंकाळ्याला दहा राउंड मारून स्टॅमिना येतो हा गैरसमज सोडा, एखाद दिवस ठीक आहे, बाकी छोटे स्प्रिंट आणि मध्ये थोडी विश्रांती असं करा. वॉर्मअपला फिफा ११ प्लस करा, २० मिनिटांचं आहे, फुकट आहे, सामान काही लागत नाही. आठवड्यातून दोनदा जरी नेमाने केलं तरी दुखापती चांगल्याच कमी होतात हे अभ्यासात निघालंय. आपल्याकडे वॉर्मअप म्हणजे गोलवर शॉट मारत बसणे, थंड पायाने.

बारीक पोरांनी घाबरू नका, पण १६ नंतर ताकदीचे व्यायाम सुरू करा, स्क्वॉट, एका पायाचे व्यायाम, पोट आणि कंबर. फुगायचं नाही, धक्का लागला तर पडायचं नाही एवढंच. मॅचच्या सकाळी मिसळ बंद. मॅचनंतर तांबडा रस्सा हाणा, कुणी अडवलंय.

तिशी आणि नंतर

चांगल्या मिडफिल्डरला तिशीनंतर स्पीड गेला तरी भागतं, कारण डोकं आधी पोचलेलं असतं. तेव्हा एक पाऊल मागे सरका, कमी धावा, जास्त बोला. पिर्लोला ३२ व्या वर्षी मिलानने सोडला, युव्हेंटसने २०११ ला फुकट घेतला आणि सलग चार लीग जिंकल्या.

खेळत असतानाच कोचिंगचं लायसन्स सुरू करा. डी, मग सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत, प्रत्येक टप्प्याला वेळ आणि पैसे जातात, त्यामुळे रिटायर झाल्यावर बघू म्हणाल तर चाळिशी येते. मिडफिल्डरांचं या कामात बरं जमतं. गोव्याचा क्लिफर्ड मिरांडा डेम्पो क्लबचा मिडफिल्डर, त्याने २०२३ ला तात्पुरता कोच असताना ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. आणि खालिद जमील, महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी अशी सगळी मुंबईतली कारकीर्द, मिडफिल्डरच, खेळणं थांबल्यावर मुंबई एफसीचाच कोच झाला. २०१६-१७ ला ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग मिळवून दिली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताचा हेड कोच झाला. डी लायसन्सच्या बॅचच्या तारखा राज्य असोसिएशनकडून जाहीर होतात आणि जागा लवकर भरतात, तेव्हा फॉर्म निघाला की त्याच दिवशी भरा.